गिझर बदलताना मिस्त्रीची मजुरी वाचवावी काय?

गेल्या हिवाळ्यात आमच्या नाना पेठेतील घरचा १५ लिटरचा गिझर खालून गळू लागला. आतली टाकीच सडली होती, तेव्हा दुरुस्तीचा प्रश्नच नव्हता. तपकीर गल्लीतून नवा आणला. बसविण्याचे मिस्त्रीने ६०० रुपये सांगितले. दोन बोल्ट, दोन नळ्या आणि एक पिन, एवढ्याचे ६००? जन्मभर मीटरमागचे पैसे मोजणाऱ्या माणसाच्या मनात दुसरे काय येणार! रविवारी दुपारी आम्ही आणि धाकट्या चिरंजीवांनी मिळून गिझर स्वतःच बसविला.

पाणी छान तापले. सोमवारी पहाटे वुजूसाठी नळाला हात लावला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या.

आता त्याच मिस्त्रीला बोलावणे भाग पडले. तो काही बोलला नाही, हा त्याचा मोठेपणा. १०० वॉटचा बल्ब त्याने फेज आणि अर्थिंगच्या मध्ये लावून पाहिला. बल्ब पेटला नाही, म्हणजे घरात अर्थिंगच नव्हते! जुन्या घरांतून अर्थिंगची तार पाण्याच्या लोखंडी पाइपला बांधण्याची पद्धत होती. आमच्याकडे काही वर्षांपूर्वी लोखंडी पाइप काढून प्लास्टिकचे टाकले, तेव्हा ती तार भिंतीत तशीच लोंबकळत राहिली. पेठांतील किती घरांत असे झाले असेल कोण जाणे. भिंतीवरचे तीन छिद्रांचे सॉकेट पाहून आपण निश्चिंत असतो, पण वरच्या मोठ्या छिद्रामागे काही आहे की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही.

दुसरी चूक सर्वस्वी आमची. वायर आखूड पडली म्हणून आम्ही झाकण उघडून लांब वायर जोडली होती. झाकण कसताना ती पत्र्यात दाबून सोलली गेली आणि वीज टाकीत उतरली. टाकीपासून नळापर्यंतची नळी प्लास्टिकची होती, म्हणून पाण्यातून थोडाच प्रवाह हाताला लागला. नळी लोखंडी असती तर हा लेख लिहायला आम्ही उरलो नसतो.

तिसरी गोष्ट पाहून मात्र मिस्त्रीचा चेहरा उतरला. थंड पाण्याच्या तोंडाशी जो सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, त्यातून थेंब टपकतो म्हणून चिरंजीवांनी त्याला एम-सील लावून ठेवले होते! पाणी तापले की फुगते, दाब वाढतो, आणि जास्तीचा दाब त्या वाटेने बाहेर पडतो. थेंब पडणे हा दोष नव्हे. ही वाट बंद असताना थर्मोस्टॅट आणि कटआउट बिघडले, तर टाकी फुटू शकते.

मिस्त्रीने मीटरपासून अर्थिंगची नवी तार ओढली, ३० मिलिअँपिअर गळतीवर वीज तोडणारा आरसीसीबी बसविला. सगळे मिळून ४,००० रुपये गेले. त्यातले अर्थिंगचे काम कधी तरी करावेच लागले असते, तेव्हा सगळी रक्कम आमच्या हौसेच्या खात्यावर मांडणे बरोबर नाही.

कायदाही याबाबत समंजस आहे. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत ४५ वा नियम होता. दिवा, पंखा, स्विच किंवा घरगुती उपकरण काढून तेवढ्याच क्षमतेचे दुसरे लावायला ग्राहक मोकळा, पण वायरिंगमध्ये फेरफार करायचा तर सरकारी परवान्याचा ठेकेदार हवा. पुढे २०१० आणि २०२३ मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे नियम आले, तरी हा भेद कायम राहिला. २,००० वॉटचा गिझर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो, ३,००० वॉटचा १३. त्यामुळे मोठा गिझर घेणाऱ्याने आधी वायर आणि १६ अँपिअरचे सॉकेट तपासून घ्यावे.

भिंतीचेही तसेच. १५ लिटरचा गिझर भरला की पंचवीस किलोच्या आसपास वजन होते. वाड्याच्या मातीच्या भिंतीत किंवा नव्या इमारतींच्या हलक्या ब्लॉकमध्ये साधा बोल्ट ते पेलेलच असे नाही. गॅस गिझर तर बंद न्हाणीघरात नकोच. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघू शकतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, माणूस आंघोळ करता करता कोसळतो.

आमच्या वडिलांच्या काळी घरात कसब्यातील तांबट आळीचा बंब होता. त्याचा डाख सुटला तर तो तांबटाकडेच जाई. घरी कोणी हातोडी घेऊन बसत नसे.

कारागीर बंधूंनाही एक सांगणे आहे. ६०० रुपये सांगताना त्यात काय काय आले, ते सांगत चला. 'अर्थिंग तपासतो, व्हॉल्व्ह पाहतो, भिंत ठोकून बघतो, पावती देतो' एवढे मिस्त्री त्या दिवशी बोलला असता, तर आम्ही घासाघीस केली असती, पण काम त्यालाच दिले असते. कापड दाखविल्याशिवाय आम्ही तरी भाव कुठे सांगतो?

जुना गिझर भंगारवाल्याने वजनावर नेला. एम-सीलचा उरलेला तुकडा चिरंजीवांनी स्वतःच कचऱ्यात टाकला.