काळोखात मोजलेलं पित्त
लेखमाला : रेणूंच्या मागावर – भाग ९

मराठीत ‘पित्त’ या शब्दाला फार राबवलं जातं. घशाशी आंबट आलं की पित्त झालं, डोकं ठणकलं की पित्त चढलं, अंगावर गांधी आल्या की पित्त उठलं आणि मग आमसुलाचं पाणी चोळायचं. पण घशाशी येतं ते सहसा जठरातलं आम्ल असतं आणि अंगावर उठतं ते हिस्टामिनमुळे. यकृतात तयार होऊन पित्ताशयात साठणारा खरा पित्तरस आंबट नसतो. तो कडूजहर असतो आणि किंचित अल्कधर्मी. त्या कडूपणाच्या मुळाशी असलेली पित्ताम्लं आणि ती मोजण्यासाठी अख्खी कारकीर्द वेचलेला इटालियन रसायनशास्त्रज्ञ आल्दो रोदा हा आजचा विषय आहे.

रोदा बोलोन्या विद्यापीठातले वैश्लेषिक रसायनशास्त्राचे प्राध्यापक. त्यांच्या निबंधांची यादी चाळली की आधी गोंधळायला होतं. एकीकडे पित्ताम्लं, दुसरीकडे रासायनिक आणि जैविक प्रकाश, तिसरीकडे मोबाइलला जोडायचे बायोसेन्सर, आणि मध्येच अंतराळवीराची लाळ! तीन-चार वेगळ्या माणसांची कामं एका नावावर लागली आहेत असं वाटतं. मला मात्र ती एकाच प्रश्नाची वाढ वाटते. तो प्रश्न आहे, फार थोडं असलेलं मोजायचं कसं?

आधी पित्ताम्लांची ओळख करून घेऊ. यकृत ती कोलेस्टेरॉलपासून बनवतं. रेणूचा सांगाडा चपट्या पाटासारखा असतो, त्याची एक बाजू पाण्याची मैत्रीण आणि दुसरी तेलाची. रिठ्याचा फेस ज्या तत्त्वावर मळ काढतो, त्याच तत्त्वावर हे रेणू आतड्यात काम करतात. अनेक रेणू तेलकट बाजू आत करून एकत्र येतात, त्यांची सूक्ष्म गाठोडी होतात आणि जेवणातली चरबी त्यांत सामावते. या गाठोड्यांना मायसेल म्हणतात. काम झालं की सुमारे ९५ टक्के पित्ताम्लं आतड्यातून शोषली जाऊन यकृताकडे परततात आणि पुन्हा कामाला लागतात. शरीरातला सगळा साठा जेमतेम तीन-चार ग्रॅमचा, पण दिवसात त्याच्या कितीतरी फेऱ्या होतात.

कोणत्या पित्ताम्लाची गाठोडी किती सहज बांधली जातात, ते पाण्याकडे जास्त ओढलं जातं की तेलाकडे, याची चिकाटीने केलेली मोजमापं हा रोदांच्या कामाचा पाया आहे. १९८३ साली त्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो केंद्रातले पित्ताम्लांचे जाणकार आलन हॉफमन यांच्याबरोबर याच विषयावर निबंध प्रसिद्ध केला. असलं काम वर्तमानपत्रात येत नाही, पण औषधं त्यावरच उभी राहतात. त्याचं उदाहरण म्हणजे किनोडीऑक्सिकोलिक आणि अर्सोडीऑक्सिकोलिक ही जोडी. पहिल्याच्या नावात ग्रीक हंस आहे, दुसऱ्याच्या नावात लॅटिन अस्वल. दोन्हींमध्ये अणू तेवढेच आणि जोडणीही तीच. फरक एवढाच, की सातव्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट एकात पाटाच्या एका अंगाला आहे, तर दुसऱ्यात उलट्या अंगाला. किनो दिल्याने पित्ताशयातले कोलेस्टेरॉलचे खडे विरघळतात, हे १९७२ साली दिसलं. पण त्याने जुलाब होत आणि यकृतालाही त्रास होई. अर्सो मात्र सौम्य निघालं. गट उलटल्यामुळे त्याचा तेलकटपणा कमी झाला होता, आणि पेशींची पटलं तेलकट रेणूच जास्त उसवतात. आज आपल्याकडे यकृताच्या तक्रारींवर अर्सोच्या गोळ्या सर्रास लिहून दिल्या जातात.

आता मोजण्याकडे येऊ. आतड्याकडून आलेली पित्ताम्लं यकृत बहुतेक सगळी उचलून घेतं, त्यामुळे निरोगी माणसाच्या रक्तात उपाशीपोटी ती लीटरमागे १० मायक्रोमोलहूनही कमी सापडतात. ही गळती वाढली की यकृताचं काहीतरी बिनसलं आहे असं समजावं. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत काही जणींच्या तळहातांना आणि तळपायांना खाज सुटते, रात्री ती असह्य होते. अंगावर पुरळ काहीच दिसत नाही, म्हणून घरातली माणसं ‘उष्णता असेल’ म्हणून सोडून देतात. यकृतातून पित्त नीट वाहत नसल्याची ती खूण असू शकते. रक्तातली पित्ताम्लं लीटरमागे १०० मायक्रोमोलवर गेली, तर बाळ पोटातच दगावण्याचा धोका वाढतो, हे २०१९ साली लॅन्सेटमध्ये आलेल्या मोठ्या विश्लेषणाने दाखवलं. ही खाज अंगावर काढू नये. वाचणाऱ्याच्या घरात कुणी गरोदर असेल तर हे वाक्य तिला वाचून दाखवावं.

इतकं थोडं मोजायचं तर रंगाच्या पद्धती अपुऱ्या पडतात. रंग मोजताना आपण नमुन्यातून दिव्याचा झोत सोडतो आणि तो किती मंदावला ते बघतो. म्हणजे आषाढीच्या वाळवंटात उभं राहून दोन वारकरी कमी झालेत का, ते सांगायचं. त्यापेक्षा काळोख्या माळावर दोन कंदील पेटले तर ते लांबूनही मोजता येतात. जे मोजायचं त्यालाच उजळायला लावायचं आणि बाकी सगळं अंधारात ठेवायचं, ही प्रकाशमापनाची सगळी युक्ती आहे.

रोदा, डेलुका, क्रिका आणि हॉफमन यांच्या १९८२ सालच्या निबंधात ही युक्ती पित्ताम्लांवर वापरलेली दिसते. यांतल्या मार्लीन डेलुका काजव्याच्या प्रकाशाच्या रसायनातल्या अधिकारी संशोधक. इथे मात्र दिवा काजव्याचा नव्हता, समुद्री जिवाणूंचा होता. पहिलं एन्झाइम पित्ताम्लाच्या सातव्या कार्बनवरचा हायड्रोजन काढून एका वाहक रेणूच्या हाती देतं. दुसरं एन्झाइम तो पुढे पोचवतं. तिसरं, जिवाणूंचं ल्युसिफरेज, त्याच्या जोरावर निळसर प्रकाश सोडतं. जितकं पित्ताम्ल, तितका उजेड. यातली खुबी पहिल्या एन्झाइममध्ये आहे. हायड्रॉक्सिल गट कोणत्या अंगाला आहे हे ते ओळखतं, म्हणून किनोला पकडतं आणि अर्सोला सोडून देतं. हंस आणि अस्वल यांच्यातला जो फरक औषधात महत्त्वाचा, तोच इथे मोजमापात उपयोगी पडला.

आणखी एक गोष्ट केली होती. एन्झाइमं पाण्यात मोकळी न सोडता बारीक मण्यांवर शेजारीशेजारी बांधून टाकली. विहिरीपासून आगीपर्यंत माणसांची रांग लावून बादल्या हातोहात पुढे द्याव्यात, तसा एकाचा माल भरकटण्याआधीच दुसऱ्याच्या हाती पडतो. शिवाय एन्झाइमं महाग, ती बांधलेली असली की धुऊन पुन्हा वापरता येतात. पुढे बोलोन्यात मण्यांऐवजी नायलॉनच्या नळीला आतून एन्झाइमं चिकटवली गेली. नळीतून एकामागून एक नमुना वाहत जायचा आणि पलीकडचा संवेदक उजेड टिपायचा. पदार्थाला ओळखणारा जैविक भाग आणि ती ओळख संकेतात बदलणारा भाग एकत्र बांधला, की झाला बायोसेन्सर. तो शब्द घरोघरी पोचण्यापूर्वीची ही गोष्ट आहे.

बोलोन्याचं उजेडाशी जुनं नातं आहे, ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. इ.स. १६०३च्या सुमारास तिथल्या विन्चेन्झो कास्कारिओलो या चांभाराने गावाजवळच्या पाडेर्नो टेकडीवरचे जड दगड कोळशाबरोबर भाजले. त्याला हवं होतं सोनं. मिळाला तो उन्हात ठेवून अंधारात आणला की निखाऱ्यासारखा धुमसत राहणारा दगड. त्या वेळच्या विद्वानांनी त्यावर वाद घातले, त्यात गॅलिलिओही होता. हा उजेड साठवलेल्या सूर्यप्रकाशाचा. रोदांचा उजेड रासायनिक क्रियेतून जागच्या जागी जन्मणारा, म्हणून त्याला बाहेरून झोत लागत नाही आणि यंत्र लहान करता येतं.

त्याच शहरात रोदांच्या गटाने काजव्याच्या ल्युसिफरेजचा जनुक यीस्टच्या पेशीत घातला. नमुन्यात पुरुष-संप्रेरकासारखं काही असलं की ती पेशी चमकते. आपल्याकडे भंडारदरा-पुरुषवाडीला पावसाच्या तोंडावर झाडंच्या झाडं लुकलुकताना पाहिलेल्यांना या पेशी परक्या वाटणार नाहीत. २०१४ साली या गटाने मोबाइलच्या कॅमेऱ्यालाच संवेदक केलं. त्रिमितीय छपाईने केलेला एक काळा डबा फोनला बसवायचा, आत एन्झाइमं आणि नमुना, आणि अंधारातला मंद उजेड कॅमेऱ्याने टिपायचा. मोजलं काय, तर कोलेस्टेरॉल आणि पित्ताम्लं! १९८२ सालचं ते जिवाणूंचं ल्युसिफरेज इथे पुन्हा कामाला आलं. हे यंत्र संशोधनातलं, दुकानात मिळणारं नव्हे. तरीही तालुक्याच्या गावातून रक्ताची बाटली शहरात जाऊन अहवाल येईपर्यंत थांबणाऱ्या त्या खाजेने बेजार बाईचा विचार केला, की असं यंत्र जवळच्या आरोग्य केंद्रात असावं असं फार वाटतं.

याच युक्तीवर चालणारं, पण वेगळं यंत्र मग पृथ्वीवरून सुमारे ४०० किलोमीटर वर गेलं. २०१७ साली साठ वर्षांचे इटालियन अंतराळवीर पाओलो नेस्पोली अंतराळ स्थानकात असताना त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, तिथल्या तिथे मोजायचं ठरलं. वजनरहित अवस्थेत द्रव ओतता येत नाही, त्याचे थेंब तरंगत सुटतात. म्हणून बंद कुपीत कागदाची पट्टी ठेवली, तिच्या तंतूंमधून लाळ आपोआप शोषली जाऊन पुढे सरकते. या चाचणीत हिशोब उलटा आहे. लाळेतलं कॉर्टिसोल आणि एन्झाइम जोडलेलं कॉर्टिसोल एकाच जागेसाठी झगडतात, त्यामुळे लाळेत जितकं जास्त, तितका पट्टीवरचा उजेड कमी. एरवी असे नमुने गोठवून ठेवायचे आणि यान परत येईपर्यंत वाट पाहायची. या वेळी नेस्पोलींनी कुपी यंत्रात सरकवली, आत काळोख झाला, आणि थंड केलेला कॅमेरा पट्टीवरचा मंद उजेड मोजत राहिला.