थंडीतल्या दिल्लीचं एक रेकॉर्डिंग: 'डेझर्ट रेन'

'इंडियन ओशन' हा बँड म्हटला की बहुतेकांना २००० सालचा 'कंदिसा' हा अल्बम आठवतो. माझं मत विचाराल तर त्याआधीचा 'डेझर्ट रेन' ऐका. १ जानेवारी १९९७ ला दिल्लीत मंडी हाऊसला पथनाट्यकार सफदर हाश्मींच्या स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमात हा बँड वाजला, त्याचंच हे थेट ध्वनिमुद्रण. हाश्मींवर १९८९ च्या १ जानेवारीलाच साहिबाबादजवळच्या झंडापूरला पथनाट्य चालू असताना जीवघेणा हल्ला झाला होता.

वाजवणारे चौघं: सुस्मित सेन गिटारवर, राहुल राम बेस गिटारवर, अमित किलम ड्रम्सवर आणि असीम चक्रवर्ती तबल्यावर. असीमदा तबला वाजवता वाजवताच गायचे! तबला आणि ड्रम्स एकमेकांच्या पायात पाय न घालता कसे चालतात, ते हेडफोन लावून ऐकाच. सुस्मितची गिटार रॉकपेक्षा सरोदच्या घरची वाटते. एक सूर धरून तो हळूहळू आलाप केल्यासारखा चढत जातो.

आवाज स्टुडिओइतका घासूनपुसून घेतलेला नाही, हे खरं. काही ठिकाणी गाडी जरा रेंगाळते. पण या थेट ध्वनिमुद्रणातली ऊब 'कंदिसा'त मला सापडत नाही. (शिव्या नंतर द्या.)

राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात होते, त्यामुळे आपल्याकडच्यांना ते जरा जवळचेच. असीमदा २५ डिसेंबर २००९ ला गेले, २०१३ मध्ये सुस्मितनेही बँड सोडला. ऐकायची सुरुवात या अल्बममधल्या 'फ्रॉम द रुइन्स'पासून करा.