दाब हाताचा की भुकटीचा?

हाताने दांडा ओढायच्या एस्प्रेसो यंत्रात कॉफी न भरता नुसतं गरम पाणी घ्या आणि दांडा खाली आणा. तो अलगद खाली येतो, पाणी भळकन कपात पडतं, आणि दाबमापक असेल तर त्याचा काटा जेमतेम थरथरतो. आता जाळीत पंधरा ग्रॅम बारीक दळलेली कॉफी भरून तोच दांडा ओढा. तो मध्येच अडतो, खांद्यातून जोर लावावा लागतो, काटा आठ-नऊ बारपर्यंत चढतो आणि खाली तांबूस, दाट धार लागते. यंत्र तेच आणि हातही तोच, मग हा दाब आला कुठून? तो भुकटीने निर्माण केला. पाण्याची वाट अडवणारं काही नसेल तर पैलवानालाही दाब देता येणार नाही. घरी असं यंत्र आणणाऱ्याचं लक्ष चकचकीत दांड्याकडे असतं, पण कपातली चव त्याआधीच, दळताना आणि भरताना, बरीचशी ठरून गेलेली असते.

एस्प्रेसोची सुरुवात दांड्याने झाली नाही, वाफेने झाली. तुरीनच्या अँजेलो मोरिओंदो यांनी १८८४ मध्ये वाफेच्या दाबावर चालणाऱ्या कॉफी यंत्राचं पेटंट घेतलं. मिलानच्या लुइजी बेझेरा यांनी १९०१ मध्ये एकेक कप झटपट काढणारं यंत्र रचलं आणि देसिदेरिओ पावोनी यांनी त्याचं पेटंट विकत घेऊन उत्पादन सुरू केलं. या यंत्रांचा दाब दीड-दोन बारच्या पुढे जात नसे. वाफेच्या जोरावर दाब वाढवायचा तर पाणीही तितकंच तापवावं लागे, आणि कॉफी करपट, कडू होई. मिलानमध्येच कॉफी बार चालवणाऱ्या आकिले गाज्जा यांनी ही गाठ सोडवली. उष्णतेचं काम बॉयलरकडे आणि दाबाचं काम दट्ट्याकडे, अशी त्यांनी वाटणी केली. त्यांचं पहिलं पेटंट १९३८ चं. स्प्रिंग आणि दांडा असलेलं यंत्र दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७-४८ च्या सुमारास बारमध्ये पोहोचलं. कपात प्रथमच तपकिरी फेस दिसू लागला. गिऱ्हाइकांना तो संशयास्पद वाटे, म्हणून हा कॉफीचाच नैसर्गिक साय-फेस आहे, असं यंत्रावरच लिहिलेलं असे.

१९६१ मध्ये फाएमा कंपनीचं ई-६१ आलं. त्याचं नाव त्या वर्षी इटलीतून दिसलेल्या खग्रास सूर्यग्रहणावरून ठेवलेलं. त्यात दाब विजेच्या पंपाचा होता, त्यामुळे बारमधल्या दांड्यांचे दिवस भरत आले. गंमत अशी, की त्याच वर्षी ला पावोनीने ‘युरोपिकोला’ हे छोटं दांड्याचं यंत्र घरांसाठी काढलं. ते आजही बनतं.

शाळेतलं तरफेचं प्रकरण इथे कामाला येतं. युरोपिकोलाच्या दांड्याचं एक टोक टेकूवर, दुसरं हातात आणि दट्ट्या मध्ये. म्हणजे अडकित्त्यासारखी ही दुसऱ्या प्रकारची तरफ. दट्ट्याचा व्यास ५० मिलिमीटर धरला तर क्षेत्रफळ साडेएकोणीस चौरस सेंटिमीटरच्या आसपास येतं. एक बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोचा भार. नऊ बारसाठी दट्ट्यावर १८० किलोंचा भार हवा. तरफेने जोर दहापट होतो असं धरलं, तर हाताला १८ किलो लावावे लागतात. हे जमण्यासारखं आहे. बारमधल्या यंत्रांच्या जाळीइतका, ५८ मिलिमीटरचा दट्ट्या घेतला, तर तोच आकडा २४० किलोंवर जातो. घरगुती यंत्रांचे दट्टे बारीक का असतात, ते यावरून कळेल.

आणखी एक हिशेब मला फार आवडतो. त्याच ५० मिलिमीटरच्या दट्ट्याने दोन सेंटिमीटर सरकून सुमारे ४० मिलिलिटर पाणी नऊ बारने ढकललं, तर हाताने केलेलं काम भरतं जेमतेम ३५ जूल. साडेतीन किलोंची पिशवी मीटरभर उचलायला एवढीच ऊर्जा लागते. आणि तेच ४० मिलिलिटर पाणी २८ अंशांवरून ९३ अंशांवर न्यायला सुमारे ११ हजार जूल लागतात, म्हणजे तीनशेपट. दंड फुगवून एस्प्रेसो ओढणाऱ्याचे फोटो छान येतात, पण ऊर्जेच्या ताळेबंदात त्याचा वाटा नगण्य आहे.

भुकटीकडे वळू. सच्छिद्र थरातून पाणी कसं झिरपतं, याचा नियम फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचं काम करणाऱ्या हेन्री डार्सी या अभियंत्याने १८५६ मध्ये, वाळूच्या गाळण्यांवर प्रयोग करून मांडला. दाब आणि क्षेत्रफळ वाढलं की प्रवाह वाढतो. थर जाड झाला की कमी होतो. आणि थरातून पाणी किती सहज जाईल, हे ढोबळमानाने कणांच्या आकाराच्या वर्गावर अवलंबून असतं. कण दहा टक्क्यांनी लहान झाले, तर पाण्याची वाट जवळपास एक पंचमांशाने आवळते. ग्राइंडरची चकती एखादा खटका फिरवल्यावर २५ सेकंदांत उतरणारी कॉफी एकदम चाळीस सेकंद घेऊ लागते, त्यात या वर्गाचा हात असतो. शिवाय कॉफी वाळूसारखी निगरगट्ट नसते. ती पाणी पिऊन फुगते, दाबाखाली आवळते आणि तिचे अतिबारीक कण वाहत जाऊन खालच्या जाळीशी दाटी करतात. म्हणून ठरावीक मर्यादेपुढे दाब वाढवला तरी प्रवाह फारसा वाढत नाही.

यावरून एक कटू सल्ला निघतो. स्वयंपाकघरातल्या मिक्सरमध्ये एस्प्रेसोची कॉफी दळता येत नाही. पात्याने दाणे फुटतात, पण कोणता किती बारीक व्हावा यावर काही ताबा राहत नाही. अर्धी पूड आणि अर्धी भरड. एस्प्रेसोला बहुतेक कण २०० ते ४०० मायक्रॉनच्या दरम्यान लागतात, आणि रोज तितकेच लागतात. त्यासाठी दोन दातेरी चकत्यांमधलं अंतर काटेकोर बदलता येईल असाच ग्राइंडर हवा. हाताने फिरवायचाही चालतो, फक्त त्याचे टप्पे बारीक असावेत. पैसे मोजकेच असतील तर यंत्रात काटकसर करावी, ग्राइंडरमध्ये नाही. दुकानदार उलटं सांगतो, कारण नजर यंत्रावर ठरते.

दळताना कण एकमेकांवर घासून त्यांच्यावर स्थिर विद्युत जमते. गुठळ्या होतात, पूड ग्राइंडरच्या तोंडाला चिकटते. ओरेगॉन विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ क्रिस्टोफर हेंडन यांनी ज्वालामुखीच्या राखेतल्या विद्युतभाराचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांना सोबत घेऊन २०२३ मध्ये दाखवलं, की दाण्यांवर दळण्याआधी पाण्याचा किंचित शिडकावा केला तर हा भार घटतो, गुठळ्या कमी होतात आणि कॉफी अधिक चांगली उतरते. हौशी मंडळी हे आधीपासून करतच होती. त्यानंतर जाळीतली पूड बारीक सुयांनी मोकळी करायची आणि हातातला सुटा दट्टा सरळ धरून दाबायची. फार जोर लावू नये. पूड एकदा घट्ट बसली, की आणखी दाबून काही मिळत नाही. वाकडी दाबली मात्र महागात पडते. पाणी नेहमी सोपी वाट शोधतं. ओल्या कॉफीच्या त्या वडीत कुठे पोकळ राहिलं, तर ते तिथूनच सुसाट जातं. त्या वाटेवरची कॉफी नको तितकी धुतली जाऊन कडू होते, बाकीची अर्धीकच्ची, आंबट राहते, आणि कपात दोन्ही दोष एकत्र उतरतात. हेंडन यांच्याच गटाच्या २०२० मधल्या गणिती अभ्यासातही हेच दिसलं: एका मर्यादेपलीकडे बारीक दळलं, तर अर्क वाढायचा थांबतो आणि उलट घटतो, कारण प्रवाह सगळीकडे सारखा राहत नाही.

इथे दांड्याचं खरं मोल कळतं. दाब भुकटीच्या अडवणुकीतून येतो म्हणून ती अडवणूक हाताला कळते. वडीला तडा गेला, की दांडा अचानक हलका होतो, कप बघायच्या आधी. मग लगेच जोर कमी करायचा. साध्या पंपाच्या यंत्राला हे समजत नाही, ते नऊ बारने रेटत राहतं.

स्प्रिंगच्या यंत्रांत जोर कमी होणं आपोआपच घडतं. तिथे दांडा खाली ओढून आपण फक्त स्प्रिंग आवळतो. पाणी ढकलायचं काम स्प्रिंग करते. हूकच्या नियमानुसार ती जसजशी सैल होते तसतसा तिचा जोर घटतो, त्यामुळे सुरुवातीला आठ-नऊ असलेला दाब शेवटी चार-पाच बारवर येतो. तिकडे कॉफीचा जवळपास पाचवा भाग विरघळून कपात गेलेला असतो, वडी पोकळ आणि दुबळी झालेली असते. दाब तसाच ठेवला असता तर शेवटी धार सुटली असती आणि पातळ, कडवट पाणी आलं असतं. घटत्या दाबाने ती धार आटोक्यात राहते. गाज्जा यांनी हे हेतुपूर्वक योजलं असेल असं मला वाटत नाही, त्यांना स्प्रिंग सोयीची होती इतकंच. आज मात्र संगणकाने दाब बदलणारी महागडी पंपयंत्रं स्प्रिंगच्या या उताराची नक्कल करतात. स्प्रिंग नसलेल्या यंत्रात तेच हाताने करायचं: सुरुवातीला नेटाने, मग हळूहळू सोडत.

पण दाब लावण्याआधी थांबायचं असतं. युरोपिकोलासारख्या यंत्रात दांडा वर नेला, की बॉयलरच्या जेमतेम पाऊण बार दाबाने पाणी सिलिंडरमध्ये शिरतं आणि कॉफी भिजते. पाच ते दहा सेकंद तसंच राहू द्यावं. कण फुगतात, आतली हवा निघते, भेगा बुजतात. खाली पहिले थेंब दिसले, की ओढायला लागावं.

आता उष्णता. एस्प्रेसोसाठी पाणी साधारण ९० ते ९६ अंश हवं. गडद भाजणीला थोडं कमी, हलक्या भाजणीला जास्त. पाऊण-एक बार दाबाच्या बॉयलरमध्ये पाणी ११५ ते १२० अंशांवर असतं. ते सिलिंडरच्या जाड पितळी भागात येऊन निवतं, आणि त्या निवण्यावरच सगळी मदार. पहिला कप थंड धातूमुळे आंबट, तिसरा-चौथा तापलेल्या धातूमुळे कडू, ही या यंत्रांची जुनी खोड. जाणकार त्या भागावर तापमानपट्टी चिकटवतात आणि फार तापलं तर ओलं फडकं गुंडाळतात.

बॉयलर नसलेल्या, किटलीतून पाणी ओतायच्या यंत्रांत उलट अडचण असते. तीनशे ग्रॅम स्टीलच्या थंड सिलिंडरमध्ये साठ ग्रॅम उकळतं पाणी ओतलं आणि दोघांचं तापमान सारखं झालं, तर ते येतं ७२ अंशांच्या आसपास. प्रत्यक्षात इतका वेळ मिळत नाही, पण ओढ त्याच दिशेला असते. म्हणून सिलिंडर आधी वाफेवर किंवा दोनदा उकळतं पाणी भरून तापवायचा. यात गावाच्या उंचीचाही भाग आहे. मुंबईत पाणी शंभर अंशांना उकळतं, पुण्यात ९८ च्या आसपास, आणि महाबळेश्वरला ९५-९६ अंशांतच. तिथे हलकी भाजलेली कॉफी किटलीवर काढायची तर हाताशी एक अंशसुद्धा फालतू नसतो.

दाणे ताजे हवेत, पण अगदी कालचेही नकोत. भाजताना दाण्यात कार्बन डायऑक्साइड कोंडला जातो. दाबाखाली तो पाण्यात विरघळतो आणि कपात येताच बुडबुडे होऊन वर येतो. तोच तो तपकिरी फेस. कालच भाजलेल्या दाण्यांत वायू इतका असतो की तो पाण्याची वाट अडवतो. महिनोन्‌महिने उघडे पडलेल्यांत काहीच उरत नाही. भाजल्यापासून आठवडा-दोन आठवडे गेलेले दाणे बरे. फेस रोबस्टा दाण्यांचा जास्त, आणि भारतात पिकणाऱ्या कॉफीत रोबस्टाचाच वाटा मोठा आहे. इटली हे आपल्या कॉफीचं मोठं गिऱ्हाईक, कारण तिथल्या मिश्रणांना असे दाणे लागतात. फिल्टर कॉफीची चिकोरी मिसळलेली पूड मात्र इथे वापरू नये.

पाण्यात थोडं मॅग्नेशियम आणि कॅल्शियम असलेलं चांगलं, अर्क नीट उतरतो. आरओचं पाणी फार रितं, कॉफी सपक लागते. बोअरवेलचं जड पाणी बॉयलरमध्ये पांढरा थर धरतं. दोन्ही मिसळणं हा घरगुती तोडगा.

पंधरा ग्रॅमला तीस ग्रॅम कॉफी, २५ ते ३० सेकंदांत, इथून सुरुवात करावी आणि मग जिभेचं ऐकावं. आंबट, पाणचट आली तर बारीक दळा. कडू आणि तोंड कोरडं करणारी आली तर भरड. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही.

धार थांबली तरी सिलिंडरमध्ये दाब शिल्लक असतो. दांडा सोडून जाळीचं भांडं लगेच फिरवलं, तर गरम कॉफीचा चिखल भिंतीपर्यंत उडतो. अर्धा मिनिट थांबून, भांडं आधी किंचित सैल करून दाब निघू द्यावा. स्प्रिंगच्या यंत्राचा दांडा तर कॉफी न भरता ओढून सोडू नये. खाली अडवणूक नसल्याने तो झपकन वर उसळतो, आणि आपली हनुवटी बरोबर त्याच्या वाटेत असते.