तुरीचें झाड आणि सजीवांची घडण

शास्त्राच्या पुस्तकांत पेशी, ऊती, इंद्रिय, इंद्रियसंस्था व संपूर्ण सजीव अशी एक परंपरा आपणांस शिकविली जाते. बहुतेक विद्यार्थी ती पाढ्यांप्रमाणें मुखोद्गत करितात, परीक्षेंत उतरवितात आणि सुटी लागतांच विसरून जातात. परंतु ही केवळ नामावलि नव्हे. ही एक सांखळी आहे. तिचा एक दुवा निकामी झाला तर संपूर्ण जीव कसा कोसळतो, हें आपल्या नांदेड-लातूरकडील शेतांत प्रत्यक्ष पाहावयास मिळतें. तें कसें, याचा आपण विचार करूं.

प्रथम पेशी घेऊं. इ. स. १६६५ मध्यें रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानें बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांत त्यास मधाच्या पोळ्यासारख्या लहान लहान कोठड्या दिसल्या होत्या. पुढें १८३८-३९ मध्यें श्लायडेन व श्वान या जर्मन पंडितांनीं असा सिद्धांत मांडिला कीं, वनस्पति काय आणि प्राणी काय, दोहोंचीं शरीरें पेशींचींच बनलेलीं असतात. पेशी सामान्यतः नुसत्या डोळ्यांनीं दिसत नाहीं. परंतु नांदेडच्या मुलास ती चिमटींत धरून पाहतां येते! सरकीवरील कापसाचा प्रत्येक तंतु म्हणजे सरकीच्या सालीची एकच पेशी लांबत जाऊन झालेला असतो. सुमारें एक इंच लांबीच्या अशा हजारों पेशी एकेका सरकीवर असतात, आणि आपल्या अंगावरचें सुती वस्त्र त्यांचेंच विणलेलें असतें.

एकाच कामास वाहिलेल्या पेशी एकत्र आल्या म्हणजे त्यांच्या समूहास ऊती म्हणतात. याचें उदाहरण तुरीच्या खोडांत पाहा. तेथें कांहीं पेशी एकावर एक रचिल्या जातात. त्या पक्व होतांना त्यांच्यांतील जीवद्रव्य नाहींसें होतें, मधल्या आडभिंती विरतात आणि पोकळ नळ्या तयार होतात. याच जलवाहिन्या होत. मुळांनीं शोषिलेलें पाणी त्यांतून शेंड्यापर्यंत चढतें. पानांत तयार झालेलें अन्न वाहून नेणाऱ्या रसवाहिन्या निराळ्या असतात. तेरड्याची कोंवळी फांदी तांबड्या शाईच्या पाण्यांत कांहीं तास ठेविली, तर तिच्या देठांत चढलेल्या तांबड्या रेषा दिसतील. त्या रेषा म्हणजेच जलवाहिन्यांचा मार्ग.

अनेक ऊती मिळून इंद्रिय होतें. पानाची त्वचा रक्षण करिते, आंतील हिरव्या पेशी सूर्यप्रकाशांत अन्न तयार करितात व शिरा पाणी पुरवितात. तिन्ही मिळून पान. अशींच मूळ, खोड, फूल व शेंग हीं इंद्रियें होत. मूळ काळ्या जमिनींत खोल जाऊन पाणी आणतें. पान त्याच्या मोबदल्यांत मुळास अन्न पाठवितें. मुळांवरील गाठींत राहणारे सूक्ष्म जंतु हवेंतील नत्र झाडास उपयोगी पडेल अशा रूपांत देतात. या सर्वांच्या श्रमांचा सांठा दाण्यांत होतो. लातूरच्या डाळमिलांत दाणा भरडला म्हणजे त्याचीं दोन दलें वेगळीं होतात. तीच आपल्या ताटांतील डाळ. नव्या रोपासाठीं सांठविलेल्या त्या शिदोरीवर आपण जेवतों!

आतां दुवा निकामी झाल्यास काय होतें तें पाहा. तूर फुलोऱ्यास किंवा शेंगांस येते. शेतांत ओल असते, शेजारचीं झाडें हिरवींगार असतात, आणि मधलेंच एखादें झाड पिवळें पडून माना टाकतें. यास शेतकरी मर रोग म्हणतात. हा फ्युजेरियम उडम नांवाच्या बुरशीमुळें होतो. इ. स. १९१० मध्यें बिहारांतील पुसा येथून बटलर या शास्त्रज्ञानें या रोगाचें सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलें. ही बुरशी जमिनींतून बारीक मुळांवाटे शिरते आणि जलवाहिन्यांत वाढून त्या बुजविते. पान आरंभीं धडधाकट असतें, जमिनींत पाणीही असतें. परंतु एका ऊतीचें काम थांबतांच पान सुकतें, अन्न बंद होतें, मूळ उपाशी पडतें आणि संपूर्ण झाड मरतें. मनुष्याच्या हृदयाची एखादी रक्तवाहिनी बुजली असतां हेंच घडतें.

असें झाड आढळल्यास वडिलांच्या अनुमतीनें तें उपटा व खोड उभें चिरून पाहा. सालीखालीं लांकडांत तपकिरी-काळसर रेषा दिसल्या तर बुजलेल्या जलवाहिन्या आपण डोळ्यांनीं पाहिल्या असें समजा. ही परीक्षा व्यर्थ नव्हे. झाड पाण्यावांचून वाळलें असें समजून पाणी देत बसल्यानें या रोगाचें निवारण होत नाहीं. बुरशी जमिनींत कित्येक वर्षें टिकते. म्हणून त्या शेतांत कांहीं वर्षें तूर न घेणें, ज्वारीचा फेरपालट किंवा आंतरपीक करणें आणि रोगास दाद न देणारें वाण पेरणें, हे खरे उपाय होत. परभणीच्या कृषि विद्यापीठाच्या (स्थापना १९७२) बदनापूर येथील संशोधन केंद्रानें बी. डी. एन. ७११ सारखे वाण याच हेतूनें दिले आहेत.

विद्यार्थिमित्रहो, सजीवाच्या देहांत हलकें काम कोणतेंच नाहीं. शेंड्यावरचें पिवळें फूल सर्वांस दिसतें. त्यास पाणी पोंचविणारी नळी कोणासही दिसत नाहीं. पण ती बुजली कीं फूल राहात नाहीं, शेंग राहात नाहीं आणि कुटुंबाच्या वर्षाच्या मिळकतींतही खोट येते. शास्त्राचा धडा पाठ करावयाचा तो याकरितां, कीं पुढें शेतांत उभें राहिल्यावर झाडाच्या दुःखाचें मूळ कोठें आहे तें आपणांस ओळखतां यावें.