पहिल्या पात्राची घडण : भूमिकाधारी खेळातील अंक, उणीव आणि परस्परावलंबन

सारांश :
प्रस्तुत लेखात ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या आधारे, टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या अद्भुतरम्य भूमिकाधारी खेळात नवख्या खेळाडूने आपले पहिले पात्र कसे घडवावे याचे विवेचन केले आहे. पात्राच्या क्षमता अंकांत मोजल्या जातात. त्यामुळे मोठे अंक म्हणजे चांगले पात्र असा समज होणे स्वाभाविक आहे. खेळाचे गणित व नियम तपासले असता हा समज अपुरा ठरतो. विचारपूर्वक निवडलेली उणीव पात्राला सोबत्यांशी आणि कथेशी जोडते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : भूमिकाधारी खेळ, पात्र, क्षमता, फासे, संभाव्यता, परस्परावलंबन.

प्रस्तावना :
मराठीत ‘पात्र’ या शब्दाच्या अर्थांपैकी तीन येथे महत्त्वाचे आहेत : ज्यात काही ठेवता येते ते भांडे, एखाद्या गोष्टीस योग्य ठरलेली व्यक्ती आणि नाटक-कथेतील व्यक्तिरेखा. ज्या खेळाचा विचार येथे करावयाचा आहे, त्यात हे तिन्ही अर्थ एकत्र येतात. चार-सहा व्यक्ती एका टेबलाभोवती बसतात. त्यांपैकी एकजण सूत्रधार असतो; त्याला ‘डन्जन मास्टर’ असे म्हणतात. तो प्रसंगाचे वर्णन करतो आणि उरलेले खेळाडू आपापल्या पात्राच्या वतीने काय करावयाचे ते सांगतात. जेथे परिणाम अनिश्चित असेल तेथे फासा टाकला जातो. या खेळात पट असलाच पाहिजे असे नाही, आणि कोणी एक जिंकला म्हणून खेळ संपतो असेही नाही. खेळाडूच्या हाती असते ते केवळ त्याचे पात्र.

त्यामुळे नवख्या खेळाडूची पहिली कसोटी खेळ सुरू होण्यापूर्वीच लागते. कोणत्याही बाबतीत कमी पडणार नाही, कोणाची मदत लागणार नाही, असे पात्र करण्याकडे त्याचा कल असतो. त्यामागे चारचौघांत चुकण्याचा संकोच असतो. परंतु असे स्वयंपूर्ण पात्र प्रत्यक्ष खेळात एकटे पडते. हे का घडते आणि ते कसे टाळावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

लेखाची उद्दिष्टे :
१. पात्र घडविण्याच्या पद्धतीत झालेला बदल थोडक्यात स्पष्ट करणे.
२. क्षमतांचे अंक आणि फाशांचे गणित यांचा संबंध पाहणे.
३. एका उदाहरणाद्वारे पहिले पात्र टप्प्याटप्प्याने घडवून त्यातील उणिवेचे कार्य तपासणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
या खेळाचा उगम अमेरिकेतील युद्धखेळांत आहे. लहान पुतळ्यांच्या साहाय्याने मध्ययुगीन लढाया खेळण्याचे ‘चेनमेल’ हे नियमपुस्तक गॅरी गायगॅक्स व जेफ पेरेन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात जादूगार व ड्रॅगन यांचाही समावेश होता. त्यापूर्वी, १९६९ च्या सुमारास, मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेझली यांनी ‘ब्राउनस्टाइन’ नावाचा एक प्रयोग केला होता. त्यात प्रत्येक खेळाडूकडे एका व्यक्तीची भूमिका देण्यात आली. या वर्तुळातील डेव्ह आर्नेसन यांनी पुढे ‘ब्लॅकमूर’ हे काल्पनिक जग निर्माण केले. तेथे तीच व्यक्ती एका बैठकीतून दुसऱ्या बैठकीत पुढे जाऊ लागली. गायगॅक्स व आर्नेसन यांच्या संयुक्त प्रयत्नांतून १९७४ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ प्रकाशित झाला. सेनापतीच्या जागी एक माणूस आला, हा यातील मूलभूत बदल होय.

१९७४ च्या नियमांत पात्र घडविले जात नसे. ते वाट्याला येत असे. सहा क्षमतांसाठी ठरलेल्या क्रमाने प्रत्येकी तीन फासे टाकले जात आणि जो अंक पडेल तो स्वीकारावा लागे. पेशेही तीनच होते : लढवय्या, मांत्रिक आणि क्लेरिक, म्हणजे दैवी शक्तीने उपचार करणारा उपासक. चोराचा पेशा १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत आला. पात्राचे प्राणांक शून्यावर आले की ते मृत होई. नंतरच्या आवृत्त्यांत हळूहळू निवडीला महत्त्व आले. २००० मधील तिसऱ्या आवृत्तीपासून बहुतेक निर्णय वीस बाजूंच्या एकाच फाशावर होऊ लागले. २०१४ मधील पाचव्या आवृत्तीत वंश, पेशा, क्षमता, पूर्वायुष्य आणि साधने असा निवडीचा क्रम होता. २०२४ च्या सुधारित पुस्तकात पेशा प्रथम ठेवला असून ‘वंश’ या शब्दाऐवजी ‘प्रजाती’ हा शब्द योजला आहे. पूर्वी नशिबाने जे लादले ते आता खेळाडूने स्वतः ठरवावयाचे आहे. उणीवही त्यानेच निवडावयाची असल्याने नवख्याचा गोंधळ वाढला आहे.

सहा क्षमता आणि अंकांचे गणित :
शक्ती, चपळता, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि प्रभाव या त्या सहा क्षमता होत. बुद्धी म्हणजे ज्ञान व तर्क. शहाणपण म्हणजे निरीक्षण व माणसांची पारख. हा भेद ध्यानात न घेतल्याने नवखे खेळाडू अनेकदा गोंधळतात. प्रत्येक क्षमतेच्या अंकावरून फाशात मिळवावयाची वाढ-घट ठरते. अंकातून १० वजा करून निम्मे करावे व अपूर्णांक खाली आणावा. म्हणजे १६ ला +३, १० ला ०, आणि ८ ला –१.

अंक ठरविण्याच्या तीन पद्धती रूढ आहेत. पहिलीत चार फासे टाकून सर्वांत लहान अंक वगळतात. तिची सरासरी सुमारे १२.२ येते. तीन फाशांची सरासरी १०.५ असून त्यांत १८ पडण्याची शक्यता २१६ मध्ये केवळ एक आहे. दुसऱ्या पद्धतीत १५, १४, १३, १२, १० आणि ८ हे सहा तयार अंक हवे तसे वाटावयाचे असतात. तिसऱ्या पद्धतीत २७ गुण खर्च करून अंक विकत घेतात. वरील तयार अंकांची किंमतही नेमकी २७ गुणच होते. पहिल्या पात्रासाठी दुसरी पद्धत सर्वांत सोयीची आहे. तिच्यात ८ हा अंक कोठेतरी द्यावाच लागतो.

येथे एक साधी गोष्ट विचारात घ्यावी. वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक अंकाची शक्यता ५ टक्के असते. म्हणून +२ ऐवजी +३ मिळाल्याने बहुधा वीस प्रयत्नांपैकी एकाचाच निकाल बदलतो. त्या एका प्रयत्नासाठी नवखा खेळाडू तासभर आकडेमोड करतो, पण आपले पात्र कशाला भिते हे ठरवावयास त्याच्याकडे वेळ उरत नाही. मात्र अंक निरर्थक आहेत असा याचा अर्थ नव्हे. पेशाला लागणारी मुख्य क्षमता उत्तम असलीच पाहिजे. अन्यथा पात्राला आपले नेमून दिलेले कामच साधत नाही.

एक उदाहरण : ब्रुना
२०१४ च्या नियमांचा मूळ भाग जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली सर्वांसाठी खुला आहे. त्याच्या आधारे आपण एक पात्र घडवू. चमूत लढवय्या, मांत्रिक आणि चोर आहेत; उपचार करणारे कोणी नाही. म्हणून पेशा क्लेरिकचा घेऊ. सोबत्यांकडे पाहून पेशा निवडणे ही पहिली पायरी होय.

वंश डोंगराळ भागातील ड्वार्फ, म्हणजे बुटक्या व चिवट लोकांचा. तयार अंकांपैकी १५ शहाणपणाला, १४ काटकपणाला, १३ शक्तीला, १२ प्रभावाला, १० बुद्धीला आणि ८ चपळतेला देऊ. वंशामुळे काटकपणात २ व शहाणपणात १ वाढून दोन्ही १६ होतात. पेशाचे ८, काटकपणाचे ३ आणि वंशाचा १ मिळून प्राणांक १२ होतात. क्लेरिकची जीवनोपासक शाखा घेतल्याने जड चिलखत वापरता येते. साखळीच्या चिलखताचे १६ आणि ढालीचे २ असा संरक्षणांक १८ होतो. जड चिलखतात चपळतेची वाढ-घट मोजत नाहीत, त्यामुळे ८ हा अंक येथे नडत नाही. उपचाराच्या मंत्राने आठ बाजूंच्या फाशाचा अंक अधिक ६, म्हणजे ७ ते १४ प्राणांक परत मिळतात. मात्र प्रारंभी असे दोनच मंत्र म्हणता येतात. पुन्हा म्हणण्यासाठी दीर्घ विश्रांती घ्यावी लागते. तिसऱ्यांदा कोणी कोसळले तर काय, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत उभा राहतो.

पूर्वायुष्य मंदिरातील सेवेकऱ्याचे. नाव ब्रुना. खाण कोसळली तेव्हा ती धाकट्या भावाला वेळेत बाहेर काढू शकली नाही, म्हणून ती मंदिरात आली. तेव्हापासून ती कोणालाही मागे सोडून पुढे जात नाही, मग तो शहाणपणाचा मार्ग असो वा नसो. एवढी कथा पुरेशी आहे. पहिल्या पातळीचे पात्र हे अनुभवाने नवखेच असते. त्याला दहा पानांचा पराक्रमी इतिहास दिला तर तो त्याच्या १२ प्राणांकांशी विसंगत ठरतो.

उणिवेचे कार्य :
आता ८ हा अंक काय करतो ते पाहू. चमूला पहारेकऱ्यांच्या नकळत पुढे सरकावयाचे आहे आणि यशासाठी एकूण १० हवेत. ब्रुनाची चपळता –१ असल्याने तिला फाशावर किमान ११ लागतात, म्हणजे शक्यता ५० टक्के. पण साखळीचे चिलखत वाजते. त्यामुळे नियमानुसार दोन फासे टाकून लहान अंक धरावा लागतो आणि शक्यता २५ टक्क्यांवर येते. ज्या चिलखताने तिचे रक्षण होते, तेच तिला उघडे पाडते.

परंतु सूत्रधाराने मान्य केल्यास सोबती तिला मदत करू शकतो; मग तिची अडचण व मदत एकमेकांना छेदतात आणि शक्यता पुन्हा ५० टक्के होते. शिवाय संपूर्ण चमू एकत्र प्रयत्न करीत असेल तर निम्मे जण यशस्वी झाल्यास सर्वच यशस्वी ठरतात, असा नियम आहे. म्हणजे चोर व मांत्रिक यांच्या यशावर ब्रुनाही पार होते. पुढे चोर घायाळ होऊन पडतो तेव्हा त्याचे ऋण ती फेडते. तिचे मंत्र संपलेले असले, तरी वैद्यक कौशल्याच्या +५ मुळे त्याचा मृत्यू थांबविण्याची तिची शक्यता ८० टक्के असते.

याच नियमांत आणखी एक तरतूद आहे. खेळाडूने पात्राचा स्वभाव, ध्येय, बंध किंवा दोष प्रामाणिकपणे निभावला तर सूत्रधार त्याला ‘प्रेरणा’ देऊ शकतो. तिच्या बळावर एकदा दोन फासे टाकून मोठा अंक धरता येतो. ब्रुना जखमी शत्रूलाही सोडून पळत नाही, तेव्हा चमूचे नुकसान होण्याचा धोका असतो. तरीही नियम तिला उत्तेजन देतात. दोष लपविणाऱ्या खेळाडूला हे मिळत नाही.

अर्थात कोणतीही उणीव चालते असे नाही. क्लेरिकचे शहाणपणच ८ असेल तर तिचे उपचार दुबळे होतात आणि तो भार इतरांवर पडतो. त्याचप्रमाणे ‘माझे पात्र कोणावरही विश्वास ठेवत नाही’ हा नवख्यांचा आवडता दोष खेळालाच मारक ठरतो. कारण त्यामुळे सोबत्यांना मदतीची संधी मिळत नाही, उलट दर वेळी त्याची मनधरणी करावी लागते. जो दोष सोबत्यांना काही करावयास जागा देतो तो उपयुक्त. जो त्यांना अडवितो तो त्याज्य, असा निकष लावता येईल.

निष्कर्ष :
१. पात्र घडविण्याची पद्धत नशिबाकडून निवडीकडे गेली आहे. त्यामुळे उणीव निवडण्याची जबाबदारीही खेळाडूवर आली आहे.
२. मुख्य क्षमता उत्तम असावी; त्यापुढे अंकातील लहान फरकांचा प्रभाव नवख्याला वाटतो त्यापेक्षा बराच कमी असतो.
३. पेशा सोबत्यांची गरज पाहून निवडावा, आणि पूर्वायुष्य चार-पाच वाक्यांत मावेल इतके असावे.
४. उणीव सोबत्यांना जागा देणारी असावी. मदत, सामूहिक प्रयत्न व प्रेरणा यांचे नियम अशाच उणिवेला आधार देतात.

समारोप :
पहिले पात्र घडविताना खेळाडू नकळत स्वतःविषयीही एक निर्णय घेत असतो : इतरांसमोर अपुरे दिसण्याची आपली तयारी आहे काय? काठोकाठ भरलेल्या पात्रात आणखी काही मावत नाही. ज्याच्या पत्रकावर एक ८ निःसंकोचपणे लिहिलेला आहे, त्याच्या वाट्याला सोबत्यांचा हात येतो आणि त्याच्याही हाताची सोबत्यांना गरज पडते. खेळाला येथूनच प्रारंभ होतो.