सुईवाचून इन्शुलिन
निपाणीच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या पिकणाऱ्या तंबाखूची ओली, दवाने भिजलेली पाने उघड्या हातांनी खुडणाऱ्याला मळमळ व भोवळ येऊ शकते, कारण पानातील निकोटीन कातडीतून परस्पर रक्तात उतरते. मग पिरनवाडीतल्या एखाद्या मधुमेही आजीबाईंना पोटावर वा मांडीवर रोज टोचून घ्यावे लागणारे इन्शुलिन त्याच वाटेने का जाऊ नये, असा प्रश्न कोणाच्याही मनात यावा. त्याचे उत्तर त्वचेच्या सर्वांत वरच्या, मृत पेशींच्या अतिशय पातळ थरात दडलेले आहे. निकोटीनचा रेणुभार सुमारे १६२ आणि इन्शुलिनचा सुमारे ५,८००. आणि साधारणतः ५०० च्या वरचा रेणू या पेशींतून व त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्यातून पार होत नाही. हा थर म्हणजे सरहद्दीवरचा नाकाच होय, किरकोळ ऐवज सोडणारा आणि मोठ्या मालास मज्जाव करणारा. पोटातून द्यावे, तर इन्शुलिन पडले प्रथिन. ते अन्नासारखे पचून जाते. म्हणून १९२२ च्या जानेवारीत टोरांटोत पहिल्या रुग्णास जे टोचले गेले, ते आजतागायत बहुतांशी टोचलेच जाते.

मुंबईच्या यूडीसीटीत शिकून अमेरिकेतील एमआयटीत संशोधनास गेलेले समीर मित्रगोत्री यांनी डॅनियल ब्लँकश्टाइन व रॉबर्ट लँगर या आपल्या मार्गदर्शकांसह १९९५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला निबंध मला या विषयातला सर्वांत मोलाचा दस्तऐवज वाटतो. मानवी श्रवणाच्या सीमेलगतच्या, २० किलोहर्ट्झच्या ध्वनितरंगांनी सूक्ष्म बुडबुडे उठतात व फुटतात, त्या आघाताने स्निग्ध द्रव्याची घट्ट रचना काही काळ विस्कटते, आणि एरवी अडून राहिलेले इन्शुलिन आत शिरते, असे हे तंत्र; मानवी त्वचेच्या नमुन्यांतून ते पार झाले आणि जिवंत उंदरांच्या रक्तातील साखरही उतरली. पुढे मित्रगोत्री यांनी कोलीन व जेरानिक आम्ल यांपासून सिद्ध केलेल्या द्रवाचाही उपयोग करून पाहिला. वेदनेच्या मज्जातंतूंपर्यंत न पोहोचणाऱ्या अतिसूक्ष्म सुयांच्या पट्टीवरही अन्यत्र संशोधन चालू आहे.

तरीही ही विद्या रुग्णाच्या घरी पोहोचण्यास विलंब का लागतो, याचा विचार सहानुभूतीने करावयास हवा. जो थर इन्शुलिनला अडवितो तोच रोगजंतूंनाही अडवितो. तो उघडावयाचा तर पुन्हा मिटलाही पाहिजे. शिवाय प्रत्येकाची कातडी निराळी, आणि इन्शुलिनची मात्रा किंचित अधिक झाली तरी रक्तातील साखर घसरून जिवावर बेतते. सुई कितीही नकोशी असली तरी तिची मात्रा मोजलेली असते.

त्वचेवर चिकटवावयाची इन्शुलिनची पट्टी अद्याप मान्यताप्राप्त औषध म्हणून बाजारात आलेली नाही. तेव्हा तशी जाहिरात कोणी दाखविली, तर बेळगावच्या आपल्या डॉक्टरांना विचारल्यावाचून चालू इंजेक्शन बंद करू नये, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना टोचण्याची जागा रोज बदलण्याची आठवण अगत्याने करून द्यावी.