गाण्याची हजेरी कोणी मांडायची?

या व्याख्यानमालेत कामगारांच्या प्रश्नांवर मी पूर्वी बोललो आहे. परंतु संगीताच्या संबंधात बोलण्याचा प्रसंग माझ्यावर येईल असे कधी वाटले नव्हते. मला सूर कळत नाही, आणि ताल कळतो तो मोर्च्यातल्या घोषणांपुरता. शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते संघटनेच्या कचेरीत, करारपत्रे आणि कायद्याची पुस्तके वाचता वाचता. तेव्हा मी सांगणार आहे ते गाण्याविषयी नसून गाण्याच्या मजुरीविषयी आहे, हे श्रोत्यांनी आधीच लक्षात घ्यावे.

मागच्या पावसाळ्याच्या तोंडाशी आमच्या एका सभासदाचा मुलगा कचेरीत आला. वडील जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये भट्टीवर आहेत. मुलगा जयंतीच्या कार्यक्रमांत गातो, स्वतः गाणी रचतो. बापाच्या भट्टीवरच्या कामावर त्याने एक गाणे केले, उसनवारी करून ते ध्वनिमुद्रित केले आणि मोबाइलवर गाणी ऐकविणाऱ्या कंपन्यांकडे पाठविले. एप्रिल महिन्यात ते बरेच ऐकले गेले. जूनमध्ये एक पत्र आले : आपल्या गाण्याच्या नोंदींत कृत्रिम स्ट्रीमिंग आढळले आहे, सबब गाणे काढून टाकले आहे, जमा झालेली रक्कम मिळणार नाही. खाली सही नाही, विचारणा करावयाची तर माणसाचे नाव नाही.

“काका, मी चोर आहे का?” त्याने विचारले.

मी म्हणालो, “ते मला ठाऊक नाही. आधी सांग, तू कुणाला पैसे दिले होतेस का?”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “दिले होते. दोन हजार. जाहिरात करतो म्हणाला एक जण.”

हे मी मुद्दाम सांगत आहे. आपल्या बाजूच्या माणसाची चूक झाकून जो भांडतो त्याचे भांडण फार दिवस टिकत नाही. या मुलाचे कितपत चुकले आणि त्याच्यावर कितपत अन्याय झाला, हे ठरविण्यासाठी तो सगळा व्यवहार आधी समजून घेतला पाहिजे.

पूर्वी गाण्याची तबकडी किंवा कॅसेट विकली जाई. आता गाणे विकले जात नाही, ते ऐकल्याची नोंद होते. स्पॉटिफाय ही कंपनी २०१९ च्या फेब्रुवारीत हिंदुस्थानात आली. तिच्याकडे गाणे निदान ३० सेकंद वाजले की एक नोंद धरली जाते. नवखा कलावंत आपले गाणे या कंपनीला सहसा थेट देत नाही. मध्ये एक वितरक असतो. मोंढ्यात शेतकरी आणि व्यापारी यांच्यामध्ये जसा अडत्या, तसा हा. कोणी वर्षाची वर्गणी घेतो, कोणी उत्पन्नातला हिस्सा घेतो. मुलाला पत्र आले ते या वितरकाकडून.

आता पैसे कसे वाटतात ते पाहा. दर नोंदीला ठरलेला भाव नसतो. वर्गणी आणि जाहिराती यांतून आलेल्या उत्पन्नाचा एक भाग गाण्यांसाठी बाजूला काढतात, आणि ज्याच्या जितक्या नोंदी तितका त्याचा वाटा. समजा, वाटायला १०० रुपये आहेत आणि नोंदी झाल्या १०००. एका नोंदीला दहा पैसे पडले. तुमच्या गाण्याच्या दहा नोंदी असतील तर तुम्हांला एक रुपया मिळेल. आता कोणी २५० खोट्या नोंदी घुसविल्या. एकूण झाल्या १२५०, आणि भाव उतरला आठ पैशांवर. तुमच्या रुपयाचे ऐंशी पैसे झाले, आणि खोटे करणारा वीस रुपये घेऊन गेला. तुमच्या खिशात कोणी हात घातलेला दिसला नाही. पण चोरी झाली ती तुमचीच. म्हणून खोट्या नोंदी शोधल्याच पाहिजेत, याबद्दल माझे कंपन्यांशी भांडण नाही.

ही चोरी किती मोठी असू शकते? अमेरिकेत सप्टेंबर २०२४ मध्ये मायकेल स्मिथ नावाच्या माणसावर सरकारने आरोप ठेवला. यंत्राकडून लक्षावधी गाणी तयार करवून, हजाराहून अधिक खोटी खाती उघडून, ती गाणी संगणकाकडूनच ‘ऐकविली’ आणि त्यातून एक कोटी डॉलरांहून अधिक रक्कम उचलली, असा तो आरोप. या खात्यांतून दिवसाला साडेसहा लाखांवर नोंदी होऊ शकत असल्याचा हिशेब आरोपपत्रात मांडला आहे. अशा ऐकणाऱ्या यंत्रांना बॉट म्हणतात. फ्रान्समधील संगीताच्या राष्ट्रीय केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यात २०२१ साली त्या देशातल्या एक ते तीन टक्के नोंदी खोट्या असल्याचे म्हटले आहे, आणि हा फक्त पकडल्या गेलेल्यांचा आकडा.

आपल्याकडेही हा बाजार नाही असे नाही. जुलै २०२० मध्ये एका पार्श्वगायिकेच्या नावाने कोणी खोटे खाते उघडल्याची तक्रार मुंबई पोलिसांकडे आली, आणि त्या धाग्यावरून खोटे अनुयायी, खोट्या पसंत्या व खोटे प्रेक्षक विकणाऱ्यांचा तपास सुरू झाला. त्या तपासात ऑगस्टमध्ये रॅप गायक बादशहा यांची चौकशी झाली. पैसे देऊन प्रेक्षकसंख्या वाढविल्याचा आरोप त्यांनी जाहीरपणे नाकारला. तो वाद इथे सोडवावयाचा नाही. मुद्दा एवढाच की मोठ्या नावावर आरोप झाला तेव्हा पोलीस आले, प्रश्न विचारले गेले, उत्तर द्यावयास जागा मिळाली आणि ते वर्तमानपत्रांत छापून आले. आमच्या मुलाला यांतले एकही मिळाले नाही.

आता तो कसा सापडला ते पाहू. ज्याने दोन हजार घेतले त्याने जाहिरात केली नाही. त्याने ते गाणे एका प्लेलिस्टमध्ये, म्हणजे गाण्यांच्या माळेत, घातले, आणि ती माळ बॉटकडून वाजविली. पण ज्याने कोणालाही छदाम दिला नाही असा कलावंतही सापडू शकतो. बॉट चालविणारे आपली दहा गाणीच सतत वाजवीत बसले तर लगेच पकडले जातील. म्हणून ते मधून मधून इतरांची गाणी वाजवितात. गर्दीत शिरलेला खिसेकापू जसा दुसऱ्याच्या आडोशाने चालतो तसे. माळेत कोणाचे गाणे घालावे हे माळ करणारा ठरवितो, गाणाऱ्याला विचारीत नाही. शिवाय आपल्याकडे गाणे ऐकण्याची तऱ्हाच निराळी. जयंतीच्या मिरवणुकीत किंवा गणपतीच्या मांडवात एकाच फोनवरून एकच गाणे सकाळपासून रात्रीपर्यंत वाजते. दूर देशातल्या यंत्राला हा माणूस वाटेल की बॉट, कोणी सांगावे?

या बाबतीत २०२३ सालच्या नोव्हेंबरात एक मोठा फरक जाहीर झाला. स्पॉटिफायने ठरविले की २०२४ पासून ज्या गाण्याच्या मागील १२ महिन्यांत निदान १००० नोंदी नाहीत त्याला मोबदल्यातला वाटा नाही. आणि ज्या गाण्यावर उघड उघड कृत्रिम नोंदी आढळतील त्याबद्दल वितरकाला दर गाण्यामागे दंड. हा दंड दहा युरोंच्या आसपास, म्हणजे साधारण हजार रुपये, असल्याचे वितरकांकडून कळते, आणि तो त्यांतले पुष्कळ जण कलावंताकडून वसूल करतात. हजार वेळा ऐकले गेलेले गाणेही क्वचितच इतके पैसे मिळविते. वितरकाची अडचण समजण्यासारखी आहे. त्याने एका नवख्या गायकासाठी दंड का भरावा? मग सोपा मार्ग कोणता? संशय आला की गाणे काढून टाकावे. वरचा खालच्यावर दंड बसवितो, तो त्याच्या खालच्यावर बसवितो, आणि शेवटी जो सर्वांत गरीब त्याच्यापाशी येऊन दंड थांबतो. आमच्या धंद्यात ठेकेदारी पद्धतीत नेमके हेच होते. म्हणून हे कोडे मला लवकर सुटले.

इथे मला माझ्या आईची एक हकीकत सांगावीशी वाटते. १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडावयास जात असे. मी तेव्हा झोळीत होतो; पण तिच्या तोंडून ही गोष्ट इतक्या वेळा ऐकली की ती मलाच आठवते असे वाटते. त्यांच्या टोळीच्या हजेरीपटावर काही नावे अशी होती की ती माणसे कामावर कधी कोणी पाहिली नव्हती. मुकादम ती नावे मांडीत असे. पुढे तपासणी झाली, बोगस नावे सापडली, आणि सगळ्या टोळीचीच मजुरी अडकून पडली. ज्यांनी खोटे केले त्यांचे काय झाले हे आईला कधी कळले नाही. ती मात्र तीन आठवडे रोज त्या जागी जाऊन एकच विचारी : “माझं नाव पटावर आहे, माझा खडीचा ढीग इथं आहे. माझा ढीग तर मोजा.”

त्या मुलाचे सर्व ऐकून घेतल्यावर मला हेच वाक्य आठवले. त्याच्या नोंदींत बॉटच्या असतीलही. पण जयंतीला ज्यांनी ते गाणे खरोखर ऐकले त्यांचा ढीग कोणी मोजला? सगळाच्या सगळा पुसून टाकला.

कामगार चळवळीने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी मिळविले आहे. १९३६ च्या वेतनवाटप कायद्यात दंडासंबंधी एक कलम होते. कोणत्या कृत्याबद्दल दंड होईल ते आधी जाहीर लावले पाहिजे. कामगाराला आपली बाजू मांडण्याची संधी दिल्यावाचून दंड करता येणार नाही. एका वेतनकाळात दंड वेतनाच्या तीन टक्क्यांहून अधिक नसावा. आणि वसूल झालेला दंड मालकाने खिशात न घालता कामगारांच्याच हिताकरता खर्च करावा. तो कायदा आता २०१९ च्या वेतन संहितेत सामावला, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. पण ही तत्त्वे तिच्यातही राहिली आहेत. गोदामातून लोखंड चोरल्याचा ज्याच्यावर आळ आहे त्या कामगारालाही आधी आरोपपत्र द्यावे लागते, मग चौकशी, मग शिक्षा. गाणाऱ्याला मात्र शिक्षा आधी मिळते आणि आरोपपत्र मिळतच नाही. कारण कायद्याच्या दृष्टीने तो कोणाचा कामगार नाही. त्याने फोनवर एका खुणेच्या चौकटीला बोट लावून अटी मान्य केल्या आहेत, एवढाच त्याचा करार.

कंपन्यांचे म्हणणे असे की आम्ही खोट्या नोंदी कशा ओळखतो हे सांगितले तर चोर शहाणे होतील. हे म्हणणे खोटे नाही. परंतु आम्ही त्यांची युक्ती विचारीत नाही, आरोप विचारतो. कोणत्या तारखांना, कोणत्या शहरांतून, कोणत्या माळेतून या नोंदी आल्या, आणि एकूणांपैकी किती खोट्या, एवढे सांगितल्याने कोणाचे गुपित फुटते? खात्यातील चौकशीत खबर देणाऱ्याचे नाव झाकता येते, आरोप झाकता येत नाही. जो मोजतो तोच तपासतो, तोच शिक्षा ठोठावतो आणि पैसेही त्याच्याच तिजोरीत असतात, अशी व्यवस्था उद्या एखाद्या गिरणीत सांगितली तर लोक हसतील.

मग करावे काय? प्रथम कलावंतांनी स्वतःपुरते सांभाळावे. ‘इतक्या नोंदी हमखास मिळवून देतो’ असे जो म्हणतो तो बॉटच विकतो असे समजावे आणि त्याला एक पैसाही देऊ नये. आपल्या गाण्याच्या रोजच्या नोंदी वहीत उतरवून ठेवाव्यात. एखाद्या अनोळखी शहरातून एकाएकी नोंदी वाढल्या की तक्रार येण्याची वाट न पाहता आपणच वितरकाला आणि कंपनीला लेखी कळवावे. मूळ ध्वनिमुद्रण आणि गाण्याला मिळालेला आयएसआरसी क्रमांक जपून ठेवावा. गीतकार-संगीतकारांनी १९६९ साली स्थापन झालेल्या आयपीआरएस या हक्कसंस्थेत नाव घालावे. म्हणजे एका दारातून हाकलले तरी दुसरे दार उघडे राहते.

परंतु एकट्याने वही ठेवून एकट्याचेच रक्षण होते, आणि तेही अर्धे. अमेरिकेत २०२० साली संगीतकारांनी आपली एक संघटना उभारली आणि मार्च २०२१ मध्ये अनेक शहरांत स्पॉटिफायच्या कचेऱ्यांपुढे निदर्शने केली; मागण्यांमध्ये वाढीव दर होता, तसा हिशेब उघडा करण्याचा आग्रहही होता. आपल्याकडे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या सातव्या परिशिष्टात ‘मजकूर व माध्यम सेवा’ पुरविणाऱ्या कंपन्यांचाही वर्ग घातला आहे. गाणे चढविणारा कलावंत त्यात बसतो की नाही हे भांडूनच ठरवावे लागेल. आपल्या जिल्ह्यात शाहीर आहेत, भीमगीते गाणारे आहेत, गोंधळी, भजनी मंडळे, बँडवाले आहेत. अंबडला दत्तजयंतीच्या संगीत महोत्सवाची परंपरा आहे. यांतल्या कितीजणांची गाणी आज मोबाइलवर आहेत! पण त्यांची म्हणून एक साधी यादीसुद्धा नाही.

त्या मुलाकडून आम्ही तीन पत्रे लिहविली. पहिल्यातच त्याने दोन हजारांची गोष्ट कबूल केली आणि खऱ्या नोंदींचा हिशेब मागितला. पहिल्या दोन पत्रांना छापील उत्तर आले, तिसऱ्याला आले नाही. गाणे परत लागले नाही. दुसऱ्या वितरकाकडून त्याने ते पुन्हा पाठविले. नोंदी शून्यापासून सुरू झाल्या. तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी आमच्या कचेरीत तो आणि त्याच्यासारखे सहा-सात जण बसतात, आणि एकमेकांच्या वह्या तपासतात. ज्यांच्या घरी कोणी गाणारे असेल त्यांनी त्यांना तिकडे पाठवावे, एवढीच विनंती करून मी थांबतो.